शक्यतो

चिखलीच्या हॉटेलात तिसरी रात्र.
वाद पहिल्याच कलमावर, त्यातल्या एका शब्दावर.
आमच्या मसुद्यात: कंपनीच्या नावानं उडणारं प्रत्येक विमान
कंपनीच्या यादीतलाच वैमानिक उडवील.
त्यांच्या मसुद्यात ‘प्रत्येक’ गेलाय
आणि ‘शक्यतो’ येऊन बसलाय,
उसने मागायला आलेला माणूस बसतो तसा,
खुर्चीच्या कडेवर.

हेदेसाहेब म्हणतात, अहो, छोटीच तर विमानं.
सत्तर खुर्च्या, दोन पंखे. बेळगाव, हुबळी, सोलापूर.
दुसऱ्या कंपनीनं उडवली तर तुमचं काय जातं?
रंग आपला, नाव आपलं,
हवाई सुंदरीची साडीसुद्धा आपलीच.
‘आणि पुढे बसलेला माणूस?’ रेबेलो विचारतो.
हेदे चहा ढवळत राहतात.
ते साखर घेत नाहीत, मला ठाऊक आहे.
एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या उजवीकडे बसून
मी दाबोळीचा आडवा वारा शिकलो.
नाक वाऱ्याकडे ठेव, म्हणायचे,
आणि चाकं टेकायच्या क्षणी सरळ कर.
आधी नाही. नंतर तर नाहीच.

यादी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं कठीण.
दोनशे अकरा नावं, रुजू झाल्याच्या तारखेनं.
वरचा निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक पायरी वर.
मी अठ्ठावन्नावा, रेबेलो एकसष्टावा.
रायला बहिणीचं लग्न होतं, चार दिवस उशिरा आला,
ते तीन आकडे त्याला अजून खुपतात.
यादीला कुणाची माया नाही,
पण तिला कुणाचा फोनही येत नाही.

एक वाजता गच्चीवर आलो.
खाली झुआरीत बार्जचा एकच दिवा, हलत नव्हता.
मोबाइलवर विलासिनी गावस:
सर, त्या दुसऱ्या कंपनीचं पत्र आलंय. घेऊ का?

चार वर्षं आमच्याकडे भरती बंद.
चार वर्षं ती काउंटरवर बॅगांना चिठ्ठ्या चिकटवतेय,
पर्समध्ये वैमानिकाचा परवाना, दरवर्षी वैद्यकीय तपासणी
स्वतःच्या पैशानं.
‘प्रत्येक’ टिकला तर ती काउंटरवरच.
‘शक्यतो’ आला तर ती उडेल,
माझ्या निम्म्या पगारात, कुठल्याच यादीत नसताना,
माझ्याच मार्गावर.

खाली जाऊन मी म्हटलं, एक तोड आहे.
ती पोरं घ्या, पण आमच्या यादीच्या तळाशी घ्या.
दोनशे बारापासून पुढे.
त्यांचा मुंबईचा वकील माझ्याकडे बघतच राहिला.
हेदे हसले. ‘यादी की कोमुनिदाद रे तुमची?
गांवकारांची नावं कोरून ठेवलेली?’
मी म्हटलं, तुमचंही होतं तिच्यात. तेविसावं.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
एसीतून बादलीत थेंब पडत होता.
रेबेलोनं गार पोय मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवली.

चारला बैठक उठली. अकराला परत.
रनवेच्या पलीकडे नौदलाचं इंजिन तापायला लागलेलं,
सकाळ त्यांची.
लॉबीतल्या सोफ्यावर बसून विलासिनीला उत्तर लिहिलं:
‘शक्यतो घेऊ नकोस.’

वाचलं.
पहिला शब्द पुसला.
मग उरलेले दोन राहिले, फारच उघडे,
तेही पुसले.

सहाला तिची पाळी सुरू होते.
फोन करायला हवा.
रेबेलो विचारतो, कोण आहे?
मी म्हणतो, दोनशे बारा.